बारा व्होल्टची अंगणवाडी

आईला कार्यालयाकडून मिळालेला फोन सकाळी घरून पूर्ण भरून निघायचा आणि खिचडीला उकळी फुटेपर्यंत मरायचा.

आई अंगणवाडी सेविका आहे. तिची अंगणवाडी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या वरच्या अंगाला, डोंगर पोखरून खडी काढतात त्या खाणीशेजारच्या वस्तीत. एक खोली, वर पत्रा, भिंतीवर आईनेच रंगवलेला आंबा, बदक आणि एक विमान, ज्याचे पंख तिने जरा खालीच काढलेत. वीज नाही. म्हणजे खांब आहे, तारा गल्लीच्या तोंडापर्यंत आलेल्या आहेत, अर्ज गेलेला आहे. मीटर तेवढा नाही. वस्तीची जमीन नक्की कोणाची यावर सरकारच्याच खात्यांचं एकमत होत नाही, म्हणून अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. वस्तीतली माणसं अंधार पडला की खांबावर आकडा टाकतात आणि उजाडायच्या आत काढून घेतात. दिवसा सगळी वस्ती कोरडी.

आणि काम सगळं दिवसाचं. दुपारी बाराच्या आत प्रत्येक मुलाचा चेहरा फोनसमोर धरायचा, फोनने तो ओळखायचा, हजेरी वर चढवायची, खिचडीचा फोटो चढवायचा. हे चढलं नाही तर त्या दिवशी अंगणवाडी बंद होती असं धरलं जातं. मुलं तिथे बसून गाणी म्हणत असली तरी बंद. खिचडी त्यांच्या पोटात गेली असली तरी बंद.

जी अंगणवाडी अशी वारंवार बंद दिसेल ती जवळच्या अंगणवाडीत विलीन करायची, असं वर ठरत होतं. जवळची म्हणजे हायवेच्या पलीकडची. नकाशावर ती खरोखर जवळ आहे. नकाशावर ट्रक काढलेले नसतात. खाणीवर पाट्या उचलणाऱ्या बाया सकाळी पोराला बखोटीला मारून तो हायवे ओलांडणार, सोडून परत येणार आणि मग कामावर जाणार, हे ज्याला शक्य वाटलं त्याने तो रस्ता कधी पायी ओलांडलेला नाही. पोरं घरात कडी लावून बसवली जातील, नाहीतर खाणीवर नेली जातील. आईला हे माहीत होतं. आईच्या वर ज्या पर्यवेक्षिका मॅडम होत्या त्यांनाही माहीत होतं. त्या फोनवर म्हणाल्या, "ताई, महिनाअखेरीला फायनल होणार. तोपर्यंत तुमचं केंद्र एक दिवसही बंद दिसू देऊ नका. पुढचं माझ्या हातात नाही."

मी रागाने पेटले. हे मला सोपं जातं, कारण मी तशाच घरात वाढले. पप्पा तुर्भ्याच्या पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कंपनीत होते आणि उरलेला वेळ युनियनमध्ये. खरं तर उलट. फ्रीज यायच्या आधी आमच्याकडे पत्रकं छापायची जाळीची चौकट आली. माझी पहिली वही उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींची होती. पुढे कामगारांच्या मागण्या, मागे माझे पाढे. जेवताना पप्पा मला पत्रक कसं लिहायचं ते शिकवायचे. मागणी पहिल्या ओळीत. विशेषणं कमी. आणि पुरावा जोडायचा, कारण पुरावा समोर ठेवला की साहेबाला तोंड उघडायला जागा राहत नाही.

"तू उद्यापासून फोनच नेऊ नकोस," मी आईला म्हणाले. "फोन त्यांचा, बॅटरी त्यांची, वीज द्यायची जबाबदारी त्यांची. सगळ्या सेविकांनी एकत्र नकार द्या. मी पत्रक लिहिते."

आई भाजी निवडत होती. "लिही."

"मी सिरियसली बोलते आहे."

"मीपण सिरियसली बोलतीये. तुझं पत्रक वाचून होईपर्यंत माझी पोरं हायवेवर असतील."

"मग काय करायचं?"

"फोन चालू ठेवायचा. बारापर्यंत. एवढंच करायचंय, बाई. क्रांती नंतर."

पॉवर बँक हा उपाय तिने आधी करून पाहिलेला होता. स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून स्वतःच्या पैशाने आणलेली एक काळी चपटी डबी. थोड्याच दिवसांत ती पुरीसारखी फुगली. आईने ती उचलून अंगणवाडीबाहेर वाळूच्या घमेल्यात नेऊन ठेवली आणि दिवसभर एका डोळ्याने तिच्याकडे बघत मुलांना बडबडगीत शिकवलं. त्यानंतर तशी वस्तू लहान मुलांच्या खोलीत नको, हे तिचं पक्कं झालं. चांगली घेऊ, असं पप्पा म्हणाले. त्याला मी आडवी गेले. खडू ती आणते, चटई तिने आणली, पातेल्याचं झाकणही आमच्या घरचं आहे. आता वीजही तिनेच विकत आणायची? एक पैसा घालायचा नाही. मी चार्जर घरी बनवीन, भंगारातून, आणि तो बनवावा लागला हाच आमचा पुरावा असेल.

या शेवटच्या वाक्यावर मी त्या रात्री फार खूश होते.

बॅटरी पप्पांची. नाक्यावरच्या सभांसाठी त्यांच्याकडे एक भोंगा होता. त्याची बारा व्होल्टची बॅटरी विटेएवढी आणि विटेएवढीच जड, पण भक्कम. घरी भरून नेली तर तीन-चार दिवस फोनला वीज पाजेल असा माझा हिशोब होता. फोनला लागतात पाच व्होल्ट. बाराचे पाच करायला एक तीन पायांचा रेग्युलेटर मिळतो, नखाएवढा. एका पायात बारा द्यायचे, दुसऱ्यातून पाच घ्यायचे, मधला पाय बॅटरीच्या वजा टोकाला. हे मी पप्पांच्या ट्रंकेतल्या एका जुन्या विज्ञान-प्रचाराच्या पुस्तिकेत वाचलं होतं. 'आपली वीज आपण समजून घेऊ' अशा थाटाची ती पुस्तिका होती आणि प्रत्येक आकृतीखाली एक घोषणा होती.

वाशीला सुट्या भागांचं एक दुकान आहे, जिन्याखालचं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कॉलेजचा प्रोजेक्ट का?"

"नाही. अंगणवाडी."

त्याने मान वर केली. "मोबाईल चार्ज करायचाय? मग पॉवर बँक घ्या ना, ताई. टेन्शन नाय. कशाला हे सोल्डरिंगच्या लफड्यात?"

मी त्याला सांगितलं. सरकार, फोन, मीटर, हायवे, सगळं. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली तरी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. रेग्युलेटर दोन देऊ? पहिल्यांदा करताय, एक जळतो."

मी एकच घेतला. तो जळाला.

आकृती समोरून काढलेली होती आणि मी रेग्युलेटर पाठीकडून धरून तारा जोडल्या. ज्या पायातून पाच बाहेर यायचे तिथे बारा घुसवले. आधी काहीच झालं नाही, मग चुर्र झालं आणि स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. आई पोळ्या लाटत होती. तिने खिडकी उघडली आणि परत लाटायला लागली. मला त्यापेक्षा बोलणी परवडली असती.

दुसऱ्या दिवशी ऐरोलीहून सुटल्यावर परत वाशी. ऐरोलीला मी एका कंपनीत मदतीची पानं लिहिते. लोकांच्या फोनवर काही अडलं की जो मजकूर येतो, 'काहीतरी चुकले, कृपया पुन्हा प्रयत्न करा', तसलं. आईच्या ॲपवरही हेच वाक्य यायचं. ते मी लिहिलेलं नव्हतं, पण मला लिहिता आलं असतं आणि पगार मिळाला असता, या विचाराने माझं डोकं आणखी फिरायचं. दुकानदाराने काही न विचारता रेग्युलेटर काढून ठेवले.

या वेळी तारा बरोबर लागल्या. जुन्या चार्जरचं तोंड कापून जोडलं, मधे फ्यूज टाकला, फोन लावला. पडद्यावर विजेची खूण आली. 'चार्ज होत आहे.' पप्पांनी चहा ठेवला. चहा होईपर्यंत फोन चाळीसवरून अडतीसवर आला होता.

"चार्ज होतोय म्हणतोय आणि उतरतोय," पप्पा म्हणाले. "कार्यालयाचाच आहे."

मी हसले नाही. पुढच्या दोन संध्याकाळी मी त्या तारेशी भांडत होते. शेवटी कळलं ते असं: चार्जरच्या वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन बारीक, बोलण्याच्या. फोन त्या बारीक तारांवरून आधी विचारतो, तू कोण, कुठून आलास. उत्तर आलं नाही तर तो भीतभीत घोटभर वीज घेतो आणि तेवढ्यावर थांबतो. त्या दोन बारीक तारा एकमेकींना जोडल्या की त्याची खात्री पटते, हा भिंतीतला खरा चार्जर आहे, आणि मग तो पोटभर पितो. म्हणजे वीज होती, भुकेला फोन होता, आणि मधे ओळख पटवण्यावर अडलं होतं. रेशनच्या रांगेतही हेच होतं. मी त्या दोन तारा पिळून एकत्र केल्या तेव्हा माझे दात आवळलेले होते.

मग तो पोटभर प्यायला लागला आणि रेग्युलेटर तापला.

हे अंगणवाडीत कळलं, घरी नाही. मी सुट्टी टाकून आईबरोबर गेले होते. डबा, म्हणजे मिठाईचा रिकामा प्लास्टिकचा खोका ज्यात मी हे सगळं बसवलं होतं, वरच्या फळीवर ठेवला. मुलं हाताची घडी घालून गप्प बसून माझ्याकडे बघत होती. फोन लावला. टिंग. चार्ज सुरू. थोड्या वेळाने बंद. परत टिंग. परत बंद. फार तापला की हा रेग्युलेटर स्वतःला मिटून घेतो आणि गार झाला की उठतो. मुलांना तो टिंग फार आवडला. एकाने त्यावर उडी मारली. मग सगळी टिंगची वाट बघत दबा धरून बसली आणि टिंग झालं की उड्या.

अंगणवाडीच्या मदतनीस मावशी जवळच्या गावच्या, आगरी. त्या खिचडी ढवळता ढवळता म्हणाल्या, "गो, यो तुजा डबा झोपतंय न उठतंय. पोरांवानीच हाय."

"तापतोय, मावशी."

"मंग पानी मार."

"पाणी नाही मारता येत."

"मंग काय उपेग?" त्या म्हणाल्या आणि मिठाचा डबा शोधायला लागल्या.

त्या दिवशी हजेरी चढली नाही. अर्ध्या मुलांचे चेहरे झाले आणि फोन काळा पडला. मुलं होती, खिचडी होती, आई होती, मी साक्षीला होते, आणि अंगणवाडी बंद होती. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आई उभी राहून बोलत होती, "हो मॅडम. नाही मॅडम. होती ना मॅडम, सगळी होती." फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आधीचे बंद दिवस कसेबसे सांभाळून घेतलेत, परत एकदा असं झालं तर संपलं, म्हणाल्या. तुला जमत नसेल तर सांग, मी ती फुगणारी परत आणते. पोरांना बाहेर बसवीन."

मी सोसायटीच्या भंगारातून सरकत्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी उचलून आणली. करवतीने कापली, रेग्युलेटर तिला स्क्रूने घट्ट बसवला आणि पट्टी खोक्याच्या बाहेर काढली, म्हणजे उष्णता तिच्यातून निघून जाईल. करवत दोनदा बोटावर आली. एका प्रौढ, शिकलेल्या, कर भरणाऱ्या बाईने आपल्या आईच्या सरकारी कामासाठी सोसायटीच्या कचऱ्यात हात घालायचा, हे मी करवतीच्या प्रत्येक फेऱ्याला मनात म्हणत होते. पण पट्टी तापली आणि रेग्युलेटर टिकला. दुसऱ्या दिवशी सगळे चेहरे चढले. खिचडीचा फोटो चढला. आईचा एका शब्दाचा मेसेज आला: झालं.

त्यानंतर रोज झालं. आई आठवड्यातून दोनदा ती वीट पिशवीत घालून घरी आणायची, रात्री भरायची, सकाळी न्यायची. खांद्याला पिशवीचा बंद रुतून लाल पट्टा उमटायचा. तो पट्टा बघितला की माझ्या डोक्यात पत्रक तयार व्हायला लागायचं.

शेवटी मी ते लिहिलंच. मागणी पहिल्या ओळीत: खाणीशेजारच्या अंगणवाडीला विजेचा मीटर द्या. खाली चार वाक्यांत परिस्थिती. त्याखाली पुरावा: सेविकेला मुलांची हजेरी लावण्यासाठी भोंग्याची बॅटरी आणि खिडकीची पट्टी वापरून चार्जर बनवावा लागतो, तो सोबत सादर आहे.

"सोबत कशाला सादर?" आई म्हणाली. "चालतोय ना डबा. गप बसू दे त्याला फळीवर."

"आई, तो बघितला की त्यांना लाज वाटेल."

आईने नुसतं माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा वाटलं, तिला पटलं.

बेलापूरला महिन्याची बैठक होती. सगळ्या सेविका रांगेने बसलेल्या, मांडीवर पिशव्या, गळ्यात ओळखपत्रं. मी बाहेर बाकावर होते. मॅडमनी मला आत बोलावलं, कारण आईने त्यांना माझ्या आग्रहाने सांगून ठेवलं होतं. मी मॅडमचेही वरिष्ठ असलेल्या साहेबांच्या टेबलावर खोका ठेवला, बॅटरी ठेवली, बाजूला पत्रक ठेवलं. फोन लावून दाखवला. टिंग.

साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी खोका उचलून सगळ्या बाजूंनी पाहिला. मी त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधत होते आणि तिथे आनंद होता. खराखुरा, मनापासूनचा आनंद.

"हे तुम्ही केलंत? घरी?"

"करावं लागलं, सर. मीटर नाही म्हणून. पत्रकात..."

"वा. यालाच म्हणतात जिद्द." त्यांनी सेविकांकडे वळून खोका वर धरला. "बघा. रडत नाही बसल्या. मार्ग काढला. प्रत्येक केंद्राने असा विचार करायला हवा. मॅडम, फोटो घ्या."

"सर, मागणी मीटरची आहे," मी म्हणाले.

"हो हो, ते बघू आपण. इकडे बघा, कॅमेऱ्याकडे."

फोटोत माझं तोंड उघडं आहे. मी 'मीटर' म्हणते आहे, पण फोटोत ते हसल्यासारखं दिसतं. पत्रक त्यांनी घेतलं आणि खोक्याखाली टेबलाला चरा पडू नये म्हणून सारलं.

बाहेर जिन्यात एक वयस्कर सेविका आईला म्हणाली, "पोरगी हुशार आहे हां तुझी. आमच्या बोकांडी अजून एक काम बसवलं. आता आम्ही बॅटऱ्या बनवायच्या." ती हसत म्हणाली, पण आईचा हात धरून थांबली नाही, पुढे निघून गेली. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "तिची अंगणवाडी वरच्या मजल्यावर आहे. गुडघे गेलेत तिचे."

फोटो संध्याकाळी सेविकांच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं: स्वावलंबी सेविका, नवोपक्रम. आणि काही दिवसांनी आमच्या मीटरच्या अर्जावर उत्तर आलं, इतकी वर्षं टेबलं फिरणाऱ्या अर्जाला पहिल्यांदाच: केंद्रात पर्यायी वीजव्यवस्था उपलब्ध असल्याने मागणी निकाली काढण्यात येत आहे.

मी ते उत्तर पप्पांच्या पुढ्यात टाकलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पुरावा कुठे ठेवायचा असतो?" त्यांनी विचारलं.

"समोर."

"समोर ठेवायचा. चालू करून नाही दाखवायचा. बंद पडलेला फोन न्यायचास."

"तुम्ही हे आधी नाही सांगितलंत."

"आमच्या वेळी यंत्रं बंद पाडायचो आम्ही," पप्पा म्हणाले. "चालू करून द्यायची वेळ नव्हती आली कधी." मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही. त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली.

मी ठरवलं, बॅटरीबरोबर घरी आलेला खोका मोडायचा. पर्यायी व्यवस्था उपलब्ध नाही असं कळवायचं आणि अर्ज परत लावायचा. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी बसलेसुद्धा. आईने येऊन खोका उचलला आणि कपाटावर ठेवला, जिथे माझा हात पोचत नाही असं तिला मी सहावीत असल्यापासून वाटतं.

"महिनाअखेर होऊ दे," ती म्हणाली.

"तोपर्यंत ते आपल्याच डब्याने आपलं तोंड बंद करतील."

"करू दे. माझी पोरं वस्तीत राहतील. तुझं तोंड मी ओळखते, ते काही बंद राहायचं नाही."

"आई, हे असंच चालतं. बाया करतात म्हणून चालतं. तू पिशवी उचलतेस म्हणून त्यांना मीटर द्यावा लागत नाही."

"माहितीये मला." ती पहिल्यांदाच चिडली. "तुला काय वाटतं, पत्रक वाचल्याशिवाय कळत नाही मला? खांदा माझा दुखतो. पण मी पिशवी खाली ठेवली तर साहेबाला काय होणारे? त्याला काही होणार नाही. खाणीवरच्या बाईची पोरगी जाईल हायवेवर. मग छापशील तिचा फोटो?"

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. पण म्हणून ती बरोबर होती असं मला आजही म्हणता येत नाही.

महिना संपता संपता साहेब अंगणवाडी बघायला येणार असा निरोप आला. नवोपक्रमाची चित्रफीत करायची होती. मॅडमनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "सगळं चालू दिसलं पाहिजे, ताई. केंद्रांचा निर्णय त्याच दिवशी, तुमच्याकडून गेल्यावर लगेच होतोय." मी जाणार नव्हते. सकाळी आईने पिशवी उचलली तेव्हा मी ती तिच्या खांद्यावरून काढून घेतली आणि गेले.

साहेब आले, बरोबर फोन घेऊन शूटिंग करणारा एक माणूस. मावशींनी पदर खोचला. मुलांना धुऊन पुसून बसवलेलं होतं. मी तारा जोडल्या. बॅटरीच्या टोकाला धरणारी दातेरी क्लिप होती, तिची स्प्रिंग इतक्या दिवसांच्या काढण्या-घालण्याने ढिली झाली होती. ती घसरली. फोनवरची विजेची खूण गेली. फोन आधीच शेवटच्या रेघेवर होता आणि अजून निम्मे चेहरे बाकी होते.

मी क्लिप बोटांनी बॅटरीच्या टोकावर दाबून धरली. टिंग. आई माझ्याकडे न बघता पुढच्या मुलीला फोनसमोर उभी करून म्हणाली, "वर बघ, राणी. हसू नको, ओळखत नाही तो हसलं की."

पडद्यावर गोल फिरायला लागलं. हिरवी खूण. पुढचा. गोल फिरायला लागलं.

"ताई, तुम्ही बोला ना," शूटिंगवाला माझ्याकडे वळला. "ही आयडिया कशी सुचली? दोन शब्द."

साहेब बाजूला हात बांधून कौतुकाने उभे होते. मी गुडघ्यांवर बसलेली, हात बॅटरीवर. माझ्याकडे दोन शब्द होते. दोनशे होते. ते नीट म्हणायचे तर मला उभं राहायला हवं होतं, साहेबांकडे वळायला हवं होतं. मला बसून बोलायची सवय नाही, बोलताना माझे हात हलतात. आणि नुसता हात उचलला असता तरी सगळं म्हणून झालं असतं. फोन काळा, केंद्र बंद, चित्रफितीत पुरावा. मी त्या क्षणी तो विचार पूर्ण केला, हे मला नीट आठवतं. आईने पुढचा मुलगा धरला होता. त्याच्या नाकाला शेंबूड होता, मावशी पदराने पुसत होत्या.

"मीटर द्या," मी बसल्या जागेवरून, हात न हलवता म्हणाले.

"काय?"

"मीटर द्या. एवढेच दोन शब्द."

साहेब हसले. "ते कट करा," ते शूटिंगवाल्याला म्हणाले, "आणि मुलांचं घ्या थोडं, छान आहेत."

शेवटचा चेहरा चढला. खिचडीचा फोटो चढला. जाताना मॅडम मागे राहिल्या आणि आईला हळूच म्हणाल्या, "तुमचं केंद्र राहिलं, ताई. मी बोलले सरांशी. पण आता हा डबा बंद पडू देऊ नका. त्याच्यावरच दाखवलंय सगळं."

गाडी उतारावरून गेली. मावशी मुलांच्या ताटल्या मांडायला लागल्या. आईने फोन काढून माझ्याकडे बघितलं.

"राहिलं," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"मग असं तोंड का केलंयस?"

मी हात क्लिपवरून काढला. बोटांत तिच्या दातांचे वळ उमटले होते. मी म्हणाले, मी अर्ज परत लावणार आहे. ती म्हणाली, "लाव. तू लाव, मी सही करते." मग ती मुलांना वाढायला वळली आणि वाढता वाढता म्हणाली, "आणि ती क्लिप बघ काहीतरी. उद्या तू ऑफिसला असशील, धरायला कोण आहे?"